बारावी सायन्सनंतरच्या प्रवेश परीक्षा: सोलापूरच्या मुलांना आणि पालकांना फॉर्मपासून सीटपर्यंत

आधी मुलीचा आणि नंतर पुतण्याचा, असे घरातले दोन प्रवेश मी शेवटपर्यंत पार पाडले. त्यानंतर गल्लीतली, नात्यातली मुलं फॉर्म घेऊन येत राहिली आणि त्यांचेही कागद बघून देत गेलो. या सगळ्यात एक गोष्ट पक्की कळली. अभ्यासात मुलं कमी पडत नाहीत. गोंधळ होतो तो कोणती परीक्षा कशासाठी, कोणता कागद कधी आणि पसंतीक्रम कसा लावायचा, या तीन ठिकाणी. क्लासवाले अभ्यास करून घेतात, पण जातवैधतेचा अर्ज ते करून देत नाहीत. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतो आहे. मूल दहावीतून अकरावीत गेलं असेल तर तुम्ही अगदी योग्य वेळी वाचताय. बारावीत असेल तर आधी तिसरा मुद्दा वाचा, मग बाकीचं.

1. कोणती परीक्षा कशासाठी, हे आधी ठरवा

एमएचटी-सीईटी ही आपल्या राज्याची परीक्षा, मुंबईचा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सगळे म्हणतात तो सीईटी सेल, ती घेतो. यात दोन गट आहेत. पीसीएम म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. राज्यातल्या कॉलेजांत इंजिनिअरिंगला याच गटाने प्रवेश मिळतो. पीसीबीत मॅथ्सच्या जागी बायॉलॉजी. फार्मसीला दोन्हींपैकी कोणताही गट चालतो. कृषी पदवीचे प्रवेशही सीईटीतूनच होतात.

जेईई मेन एनटीए ही केंद्राची संस्था घेते, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, अशी वर्षातून दोनदा. एनआयटीसाठी ती लागते, आयआयटीच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डला बसण्यासाठी लागते आणि आपल्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या अखिल भारतीय कोट्यातल्या जागांनाही चालते.

नीट ही एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथीची परीक्षा. आपल्याकडे मोठा गैरसमज आहे की पीसीबीची सीईटी दिली की मेडिकलचं काम झालं. तसं नाही. डॉ. वैशंपायन मेडिकल कॉलेजची सीट असो की कुंभारीच्या अश्विनीची, दार नीटचंच. पीसीबी सीईटी फार्मसी आणि कृषीच्या बाजूला उपयोगी.

बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांनाही 2024 पासून राज्याची वेगळी सीईटी आहे, हे अजून कित्येक घरांत माहीत नसतं. "इंजिनिअरिंग नाही मिळालं तर बीसीए करू" असं मनात असेल तर तो फॉर्मही वेळेत भरायला लागतो. दहावीनंतरच्या पॉलिटेक्निक डिप्लोमाला मात्र प्रवेश परीक्षा नाही, तिथे दहावीच्या मार्कांवर यादी लागते.

माझं मत विचाराल तर इंजिनिअरिंगच्या मुलाने सीईटी मुख्य धरावी आणि जेईई मेनची किमान एक फेरी द्यावी. मेडिकल हवं असलेल्या मुलाने नीट मुख्य धरून पीसीबी सीईटी द्यावीच द्यावी, कारण नीटची सीट हुकली तर फार्मसीचा रस्ता उघडा राहतो. चारही विषय घेतलेल्या मुलांना पीसीएम आणि पीसीबी दोन्ही गट देता येतात, दोन्हींचे पर्सेंटाइल (म्हणजे काय, ते नवव्या मुद्द्यात) वेगळे लागतात. पण दोन्ही घोड्यांवर बसायचं तर तशी तयारी असली पाहिजे. नुसतं आईवडिलांच्या समाधानासाठी चार विषय लादू नका.

2. वर्षाचं कॅलेंडर

नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात, क्रम मात्र साधारण असाच राहतो:

- ऑक्टोबर-नोव्हेंबर: जेईई मेनच्या जानेवारी फेरीचे फॉर्म
- जानेवारीचा उत्तरार्ध: जेईई मेन, पहिली फेरी
- जानेवारी-फेब्रुवारी: सीईटीचे फॉर्म, बारावीची प्रात्यक्षिकं
- फेब्रुवारी-मार्च: बारावी बोर्ड, नीटचे फॉर्म
- एप्रिल: जेईई मेनची दुसरी फेरी, सीईटी सुरू
- मेचा पहिला आठवडा: नीट
- जून ते ऑगस्ट: निकाल, कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या

जानेवारी महिना आपल्या गावात वेगळाच असतो. सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, होम मैदानावरचा गड्डा, घरी पाहुणे, आणि त्याच दिवसांत प्रात्यक्षिकं, जेईई आणि सीईटीचा फॉर्म. यात्रा चुकवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण फॉर्मचं काम यात्रेच्या आधी हातावेगळं करा. शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हरवर गर्दी होते, पैसे कापले जातात आणि पावती निघत नाही, हा प्रकार दरवर्षीचा आहे.

2026 पासून सीईटीच्या पीसीएम आणि पीसीबी गटांना दोन संधी मिळू लागल्या, एप्रिलमध्ये एक आणि मेमध्ये दुसरी. दोन्ही दिल्या तर जास्त पर्सेंटाइल धरला जातो. दुसरी संधी ऐच्छिक आहे, पण माझा सल्ला दोन्ही द्या. पहिल्या पेपरला मूल स्क्रीनला आणि वेळेला सरावतं, दुसऱ्याला मोकळेपणाने बसतं.

3. कागदपत्रं अकरावीतच सुरू करा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

आधी यादी:

- दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र
- बारावीची गुणपत्रिका (निकालानंतर)
- शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला
- वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र
- आधार, आणि आधारशी जोडलेलं मुलाच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं
- उत्पन्नाचा दाखला
- राखीव प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र
- ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी असेल तर नॉन-क्रिमिलेअर
- खुल्या प्रवर्गात आर्थिक निकष बसत असेल तर ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र
- कृषीकडे जायचं असेल तर सातबारा आणि शेतकरी असल्याचा दाखला, त्याचे जादा गुण मिळतात
- लागू असेल तर दिव्यांग, माजी सैनिक वगैरे प्रमाणपत्रं

अधिवास, उत्पन्न, जात आणि नॉन-क्रिमिलेअर यांचे अर्ज आपले सरकार पोर्टलवर, सेतूत किंवा महा ई-सेवा केंद्रात होतात. शहरात राहणाऱ्यांनी आपला पत्ता उत्तर सोलापूर तहसीलमध्ये येतो की दक्षिणमध्ये, हे अर्जाआधी तपासावं. चुकीच्या तहसीलला गेलेला अर्ज तिथून परत येतो आणि तेवढे दिवस वाया जातात. दहावी-बारावीच्या निकालानंतर सेतूसमोर लागणारी रांग सोलापूरकरांना सांगायला नको. दिवाळीच्या सुट्टीनंतर गेलात तर तेच काम शांतपणे होतं.

आता जातवैधता. दाखला वेगळा आणि वैधता वेगळी. दाखला प्रांताधिकाऱ्यांच्या सहीने मिळतो, वैधता जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून. अनुसूचित जमातींसाठी वेगळी तपासणी समिती असते आणि तिथे वेळ जास्त लागतो. बारावी सायन्सच्या मुलांचा अर्ज ऑनलाइन भरून कॉलेजचं पत्र जोडून द्यायचा असतो, त्यामुळे बारावीचं वर्ष सुरू झालं की पहिल्या महिन्यातच कॉलेजच्या ऑफिसात जाऊन या पत्राबद्दल विचारा.

पडताळणीत सगळं अडतं ते जुन्या पुराव्यावर. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसी आणि एसबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967, या तारखांच्या आधीची जातीची नोंद आणि महाराष्ट्रातलं वास्तव्य दाखवावं लागतं. म्हणजे बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा शोधायचा. आपलं गाव गिरणगाव. कितीतरी घरं तेलंगणातून, कर्नाटकातून इथल्या गिरण्यांत आणि मागांवर आली. अशा घरांत आजोबा कधी आले, कोणत्या नगरपालिका शाळेत होते, याचा कागद महत्त्वाचा ठरतो. आजी हयात असेल तर तिला बसवून विचारा. शाळेचं नाव तिच्याच तोंडून निघेल. शाळा बंद पडली असेल तर तिची रजिस्टरं कोणत्या शाळेत गेली, हे महापालिकेच्या शिक्षण मंडळात कळतं.

वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यात, म्हणजे सख्खे काका, चुलत भाऊ, आत्या यांपैकी कोणाला वैधता मिळाली असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा. काम खूप सोपं होतं. मामाकडची वैधता चालत नाही. जुन्या नोंदीत जात एका स्पेलिंगने आणि दाखल्यात दुसऱ्या असेल, आडनाव बदललेलं असेल, तर त्याचं शपथपत्र अर्जासोबतच द्या. त्रुटी निघेपर्यंत थांबू नका.

वैधता हातात नसेल तर अर्जाच्या पावतीवर तात्पुरतं पुढे जाता येतं, पण दिलेल्या मुदतीत प्रमाणपत्र सादर झालं नाही की राखीव जागेवरचा हक्क जातो. ओळखीतल्या एका मुलीचं असंच झालं. पर्सेंटाइल चांगला, कॉलेज हवं ते, आणि वैधता चार दिवस उशिरा आली. ती पुढे खुल्या प्रवर्गातून दुसरीकडे शिकली, पण घरच्यांना फीचा बोजा पडला तो पडलाच.

नॉन-क्रिमिलेअरची मुदत 31 मार्चला संपते. अकरावीत काढलेलं बारावीनंतर चालेलच असं नाही. त्याच्यावरची "पर्यंत वैध" ही ओळ वाचा आणि प्रवेशाच्या वर्षात चालणारं हातात ठेवा.

केंद्राच्या परीक्षांना प्रवर्ग वेगळे असतात, इथेही बरेच जण फसतात. मराठा समाजाला राज्यात एसईबीसी आहे, पण जेईई आणि नीटच्या फॉर्ममध्ये तो प्रवर्गच नाही. तिथे खुला, किंवा निकष बसत असतील तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस. धनगर समाज राज्यात एनटी-सी, केंद्रात ओबीसी. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं, राज्याचं नॉन-क्रिमिलेअर तिथे चालत नाही.

आणि एक खास सोलापूरचा मुद्दा. घरात तेलुगू, कन्नड, उर्दू, गुजराती किंवा सिंधी बोलत असाल तर शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. भाषिक अल्पसंख्याक दर्जा असलेल्या कॉलेजांत त्या त्या भाषेच्या मुलांसाठी जागा असतात आणि तिथे हाच रकाना पुरावा म्हणून लागतो. बऱ्याच दाखल्यांवर सरसकट "मराठी" लिहिलेलं असतं. मूल शाळेत असतानाच ते दुरुस्त करून घ्या, शाळा सोडल्यावर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात.

4. अकरावी-बारावी कुठे करता, त्यावरही जागा ठरतात

आपल्याकडून कितीतरी मुलं अकरावीलाच लातूरला जातात. अभ्यासाच्या दृष्टीने तो निर्णय तुमचा. पण इंजिनिअरिंगच्या प्रवेशात बऱ्याच जागा "होम युनिव्हर्सिटी"च्या मुलांसाठी असतात आणि होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठून केली त्यावरून. सोलापूर जिल्ह्यातून बारावी केली तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, लातूरहून केली तर नांदेडचं विद्यापीठ. म्हणजे सोलापूरचं घर, सोलापूरचं रेशनकार्ड, आणि इथल्याच कॉलेजच्या यादीत मूल बाहेरचं ठरतं. ज्यांना शेवटी सोलापुरातच इंजिनिअरिंग करायचं आहे त्यांनी याचा विचार आधी करावा.

मेडिकलवाल्यांसाठी हे आणखी गंभीर आहे. राज्य कोट्यातल्या 85 टक्के जागांसाठी अधिवासासोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. काही थोडे अपवाद आहेत, पण तुमच्यासाठी अपवाद होईल असं गृहीत धरू नका. राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला जाऊन तिथल्या शाळेतून बारावी देण्याआधी हा नियम वाचा. अक्कलकोटच्या सीमेवरची जी मुलं कर्नाटकातल्या शाळेत दहावी करतात, त्यांनाही हे लागू होतं.

5. फॉर्म भरताना

मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. नेट कॅफेत फॉर्म भरायला हरकत नाही, पण तिथला पोरगा घाईत स्वतःचा ईमेल टाकतो आणि जूनमध्ये ओटीपी त्याच्याकडे जातो. त्या वेळी त्याच्या दुकानात पन्नास जण उभे असतात. मुलाच्या नावाचा नवा ईमेल काढा, पासवर्ड वहीत लिहून ठेवा. सीईटी, कॅप, महाडीबीटी (शिष्यवृत्तीचं पोर्टल), सगळीकडे तोच नंबर आणि तोच ईमेल वापरा. आणि वर्षभर ते सिम बंद पडू देऊ नका.

नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच. बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल तर फॉर्म भरण्याआधी आधार दुरुस्त करून घ्या. आईचं नाव, जन्मतारीख दहावीच्या कागदाप्रमाणे.

भाषा निवडताना थांबून विचार करा. सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मराठीतूनही देता येतं, मॅथ्स फक्त इंग्रजीत असतं. दहावी मराठी माध्यमातून झाली म्हणून मुलं सवयीने मराठी निवडतात. पण अकरावी-बारावी सायन्स दोन वर्षं इंग्रजीतून शिकलेलं असतं. ज्याने वर्गात "इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन" म्हणून वाचलं, त्याला पेपरात "विद्युतचुंबकीय प्रवर्तन" दिसलं की क्षणभर अडखळायला होतं, आणि सीईटीत क्षणच मोजके असतात. माझ्या मते इंग्रजी निवडावी.

फॉर्मची, पैसे भरल्याच्या पावतीची आणि अपलोड केलेल्या फोटोची प्रत लगेच जपून ठेवा. दुरुस्तीची खिडकी थोडे दिवस उघडते, तेव्हा पुन्हा एकदा सगळं वाचा. प्रवर्ग आणि जन्मतारीख दोघांनी वाचायची, मुलाने एकदा आणि पालकांनी एकदा.

6. पेपरचं गणित

सीईटी पीसीएम: फिजिक्स 50 प्रश्न, केमिस्ट्री 50, प्रत्येकी 1 गुण, दोन्ही मिळून 90 मिनिटं. मॅथ्स 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, 90 मिनिटं. एकूण 200. पहिली 90 मिनिटं संपली की फिजिक्स-केमिस्ट्री बंद होतं आणि मॅथ्स उघडतं, मागे जाता येत नाही. पीसीबीत बायॉलॉजीचे 100 प्रश्न, प्रत्येकी 1 गुण.

म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीत एका प्रश्नाला 54 सेकंद, मॅथ्समध्ये 108. आणि अर्धे गुण एकट्या मॅथ्सचे. ज्याचं मॅथ्स पक्कं त्याचा पर्सेंटाइल वर, इतकं ते सरळ आहे. जाता-येता फिजिक्सचे क्लास बदलत बसण्यापेक्षा रोज मॅथ्सला घड्याळ लावून बसवा.

सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, शेवटची दोन मिनिटं फक्त त्यासाठी राखून ठेवायची. जेईई मेन (75 प्रश्न, 300 गुण) आणि नीट (180 प्रश्न, 720 गुण) यांत मात्र बरोबरला 4 आणि चुकीला 1 वजा. तिन्ही परीक्षा देणाऱ्या मुलाने ही सवय बदलायचा सराव मुद्दाम करावा. जेईईच्या सवयीने सीईटीत वीस-वीस प्रश्न कोरे सोडून आलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

नीटचा पेपर ओएमआर शीटवर, पेनाने. बाकी दोन्ही संगणकावर.

7. पुस्तकं आणि सराव

सीईटीचा साधारण 80 टक्के भार बारावीच्या आणि 20 टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो, आणि तो राज्य मंडळाचाच. अकरावीचे ठराविक धडेच असतात, उदाहरणार्थ फिजिक्समध्ये गुरुत्वाकर्षण, ध्वनी, प्रकाशशास्त्र, स्थिरविद्युत. मॅथ्समध्ये सरळ रेषा, वर्तुळ, संभाव्यता. पूर्ण यादी सीईटी सेल जाहीर करतो, ती छापून पुस्तकात लावा. बालभारतीची पुस्तकं ओळ न् ओळ वाचा, ई-बालभारतीवर ती फुकट मिळतात. त्यानंतर एक चांगलं सराव प्रश्नांचं पुस्तक पुरे. पाच आणून अर्धवट सोडण्यात काही अर्थ नाही.

संगणकावरचे सराव पेपर मात्र हवेतच. घरी संगणक नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये विचारा, प्राचार्यांना चार मुलांनी मिळून अर्ज दिला तर सहसा नाही म्हणत नाहीत. मोबाइलवरचा सराव पुरत नाही. माउसने उत्तर निवडायला, कच्चं गणित कागदावर आणि नजर स्क्रीनवर ठेवायला हात बसावा लागतो.

8. परीक्षेचा दिवस

बरीच केंद्रं शहराबाहेर, हायवेच्या कडेच्या कॉलेजांत असतात. आदल्या दिवशी जाऊन फाटक बघून या. करमाळा, सांगोला, माळशिरसकडच्या मुलांनी आदल्या रात्री सोलापुरात मुक्कामाला यावं. पुण्याचं केंद्र आलं तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघून दुपारची शिफ्ट गाठू असा हिशोब करू नका. गाडी लेट झाली तर वर्षाची मेहनत जाईल.

एप्रिल-मेमध्ये आपला पारा 42 च्या पुढे जातो. दुपारची शिफ्ट असेल तर डोक्यावर रुमाल, पाण्याची बाटली, आणि केंद्रावर वेळेच्या बऱ्याच आधी पोचून सावलीत बसणं. घरातून भात-वरण, दही असं हलकं खाऊन निघा. शेंगाचटणी-भाकरी संध्याकाळी घरी आल्यावर.

सोबत: छापलेलं हॉल तिकीट, मूळ फोटो ओळखपत्र, साधा बॉलपेन. मोबाइल, स्मार्टवॉच, कॅल्क्युलेटर घरी किंवा पालकांकडे. हॉल तिकिटावर रिपोर्टिंगची आणि फाटक बंद होण्याची वेळ वेगवेगळी छापलेली असते, दुसरी वेळ उलटली की कोणी आत घेत नाही. स्क्रीन अडकली, माउस चालेना तर तिथल्या तिथे हात वर करा. बाहेर आल्यावर सांगून उपयोग नसतो.

9. उत्तरसूची आणि पर्सेंटाइल

परीक्षेनंतर लॉगिनमध्ये प्रश्न, तुमची उत्तरं आणि सेलची उत्तरसूची दिसते. ती उघडून तपासाच. चूक वाटली तर शुल्क भरून आक्षेप घेता येतो, मुदत थोडीच असते. 27 एप्रिल 2025 च्या एका पीसीएम शिफ्टमध्ये 21 प्रश्नांत चुका निघाल्या आणि 5 मेला त्या शिफ्टची फेरपरीक्षा झाली. मुलांनी आणि पालकांनी आवाज उठवला म्हणूनच ते झालं.

निकालात मार्क नसतात, पर्सेंटाइल असतो. 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के मार्क नव्हेत. तुमच्या शिफ्टमधल्या शंभर मुलांना मार्कांप्रमाणे रांगेत उभं केलं तर साधारण नव्वद तुमच्या मागे, इतकाच त्याचा अर्थ. शिफ्ट सोपी-अवघड असते म्हणून ही पद्धत. शेजारच्या मुलाचे मार्क आणि तुमच्या मुलाचे मार्क ताडून बघण्यात काही अर्थ नाही. इंजिनिअरिंगला बारावीत पीसीएममध्ये खुल्या प्रवर्गाला 45 टक्के आणि राखीवला 40 टक्के लागतातच, म्हणून बोर्डाला हलकं घेऊ नका.

10. कॅप: इथे घाई करू नका

कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे कॅपची नोंदणी झाली असं नाही. तिची वेगळी नोंदणी, वेगळं शुल्क, कागदांची पडताळणी. पडताळणी ऑनलाइनही होते आणि सुविधा केंद्रावर जाऊनही. कागदांत काही गुंतागुंत असेल तर मी केंद्रावर जायला सांगेन, समोरासमोर शंका फिटते.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की त्यात मुलाचं नाव, प्रवर्ग, होम युनिव्हर्सिटी आणि लिंग बरोबर आलंय का ते पाहा. हरकतीचे दोन-तीन दिवसच असतात. अंतिम यादीनंतर दुरुस्ती नाही.

मग ऑप्शन फॉर्म. त्याआधी मागच्या वर्षीचे कटऑफ सेलच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. त्यातली कोडं एकदा समजली की सगळं उलगडतं. जी-ओपन-एच म्हणजे सर्वसाधारण, खुला, होम युनिव्हर्सिटी. एल असेल तर मुलींसाठी. शेवटी ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठाच्या मुलांसाठी, एस असेल तर राज्यस्तरीय.

क्रम लावायचा तो इच्छेप्रमाणे. "मिळणार नाही" म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकू नका. वर टाकल्याने खालची जागा हातची जात नाही, यंत्रणा वरून खाली बघते आणि बसेल ती पहिली जागा देते. पण जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत कुठेही टाकू नका. 2025 च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एक, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एक मिळाली की ती घेणं बंधनकारक होतं, पुढच्या फेरीला जाता येत नव्हतं. तुमच्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतला हा नियम आधी वाचा आणि मगच वरची सहा नावं पक्की करा. ही सहा नावं घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा.

कोड नीट बघा, नावावर जाऊ नका. सांगलीचं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग आणि आपलं सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही दोन वेगळी कॉलेजं, नावांच्या सारखेपणाने दरवर्षी कोणीतरी गोंधळतं. पंढरपूर परिसरातही दोन-तीन कॉलेजं आहेत, गोपाळपूर आणि कोर्टी वेगवेगळी.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिकवणी शुल्क माफीच्या जागांचा कोड वेगळा असतो, शेवटी टी. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर कोणत्याही प्रवर्गाच्या मुलाला या जागा मागता येतात. ज्या कॉलेज-शाखेचा साधा कोड टाकता, त्याच्या वर तिचा टी कोड टाका.

घरी राहून सोलापुरातच शिकणं की पुण्याला जाणं, हा प्रश्न दरवर्षी येतो. पुण्यातल्या चांगल्या कॉलेजात हवी ती शाखा मिळत असेल तर जरूर पाठवा. पण नुसतं "पुणे" या नावासाठी खोली, मेस आणि फी असा खर्च करून अनोळखी कॉलेजात टाकण्यापेक्षा इथल्या कॉलेजात हवी ती शाखा घेऊन घरी जेवून शिकणं मला तरी जास्त शहाणपणाचं वाटतं.

11. सीट मिळाल्यावर

जागा मिळाली की लॉगिनमधून ती स्वीकारणं, स्वीकृती शुल्क भरणं आणि मुदतीत कॉलेजात मूळ कागद घेऊन हजर होणं, हे तिन्ही टप्पे पूर्ण झाले तरच सीट तुमची. पहिले दोन करून कॉलेजला गेलं नाही तर ती जाते. कॉलेज मूळ कागद ठेवून घेईल, म्हणून आधी प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स आणि स्कॅन करून ठेवा. जातवैधतेची मूळ प्रत तर पुढे धाकट्या भावंडांनाही लागते.

कॅप सुरू होण्याआधी "आत्ताच सीट पक्की करा, नंतर मिळणार नाही" असे फोन येतात. घाबरून पैसे भरू नका. मॅनेजमेंट कोट्यातून, कॅपबाहेर घेतलेल्या प्रवेशाला शासनाची फी सवलत मिळत नाही. 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकवणी आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे, पण प्रवेश कॅपमधूनच झालेला असायला हवा. मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिकवणी शुल्काची निम्मी सवलत मिळते, इतर प्रवर्गांच्या योजना वेगळ्या.

या सगळ्याचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, प्रवेश झाल्यावर लगेच. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आणि मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं असलं पाहिजे. अर्ज भरल्यावर कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन तो त्यांच्या लॉगिनमधून पुढे पाठवला का, ते विचारा. पुढच्या वर्षी तोच अर्ज नूतनीकरणासाठी पुन्हा भरावा लागतो.